बोटं मागे, डोकं पुढे: माँटेसरीतल्या मुलाला लिहिणं जड जातं तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीनंतर पालकसभा भरली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "बाकी सगळ्यात हुशार आहे हो, फक्त लिहायचं म्हटलं की उठून पळतो." मूल असतं चार-साडेचार वर्षांचं. गोष्टी रंगवून सांगतं, कोडी सोडवतं. पण शर्टाचं बटण लागत नाही, कात्री चालत नाही, आणि दुरेघी वहीत 'ग'चं पान समोर आलं की पोटात दुखायला लागतं. अशा मुलांच्या आई-बाबांसाठी आणि बालवाडीच्या ताईंसाठी हे लिहिते आहे. वयोगट साधारण साडेतीन ते साडेसहा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. माँटेसरी पद्धतीत लिहिणं म्हणजे दोन निरनिराळी कामं आहेत. मनातला शब्द आवाजांत फोडून अक्षरांनी मांडणं हे एक आणि बोटांनी अक्षर वळवणं हे दुसरं. दोन्हींची साधनं वेगळी, वेळ वेगळी. बोटं मागे असलेल्या मुलाला याच वाटणीचा सगळ्यात जास्त फायदा होऊ शकतो. आपण मात्र दोन्ही कामं एकाच वहीत कोंबतो आणि बोटं अडली म्हणून डोक्यालाही थांबवून ठेवतो.

मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ला रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह (लहान मुलांची शाळा) उघडलं, पण त्याआधी त्या मतिमंद ठरवून बाजूला काढलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या. त्यांतली एक मुलगी ११ वर्षांची होती. हातात ताकद होती, हालचालीही ठीक होत्या, तरी तिला शिवण येईना. रफूचा साधा टाकाही जमेना. माँटेसरींनी सुई बाजूला ठेवली आणि तिला पट्ट्यांची चटई विणायला दिली: एक पट्टी वरून, एक खालून. त्यात ती रमली. नंतर पुन्हा सुई हातात दिली तेव्हा रफू येत होतं. काम करायला लावण्याआधी त्या कामातल्या हालचाली दुसऱ्या, सोप्या कामातून तयार करून घ्यायच्या, हे सूत्र त्यांना तिथे सापडलं. दट्ट्यांच्या पेट्या (लाकडी ठोकळ्याच्या खाचांत लहानमोठे दट्टे बसवायचे), खरखरीत अक्षरं (सँडपेपरची, बोटाने गिरवायची), धातूचे साचे हे सगळं त्याच सूत्रावर चालतं.

त्यामुळे ज्युनिअर केजीत रोज पानभर गिरवायला लावणाऱ्या शाळेच्या पाटीवर 'माँटेसरी' लिहिलेलं असलं, तरी ते गिरवणं माँटेसरीचं नाही. प्रवेश घेताना एकच प्रश्न विचारा: खरखरीत अक्षरं आणि सुटी अक्षरं (उचलून शब्द मांडायची) मुलांच्या हाताला रोज लागतात का, की काचेच्या कपाटात शोभेला आहेत?

पायरी १: नेमकं कुठे अडतं ते बघा

आठवडाभर वही बाजूला ठेवा आणि मूल हातांनी काय काय करतं ते नुसतं बघा. जेवताना, आंघोळीनंतर, खेळताना. जमलं तर मोबाइलवर छोटे व्हिडिओ घ्या. पुढे तज्ज्ञाकडे जायची वेळ आली तर तोंडी वर्णनापेक्षा ते जास्त उपयोगी पडतात.

शाळेत बघायची उत्तम जागा म्हणजे धातूचे साचे. वरवर हे साधन सोपं दिसतं. चौकट कागदावर ठेवायची, आतून रंगीत पेन्सिल फिरवायची, मग आकार रेघांनी भरायचा. पण अडखळणाऱ्या मुलाचा डावा हात बघा. चौकट दाबून धरायची असते आणि तो हात मांडीवर पडलेला असतो. पेन्सिल कोपऱ्यावर आली की चौकट सरकते, रेघ उडते. मूल दुसऱ्यांदा जोर लावतं, कागद फाटतो. ताई म्हणतात, "लक्ष नाही." लक्ष पूर्ण आहे, दोन हातांना एकाच वेळी दोन वेगळी कामं सांगणं त्याला जमत नाहीये. चौकटीखाली रबराची जाळीदार चटई घाला किंवा चारही कोपरे चिकटपट्टीने बसवा. तेवढ्याने रेघ सुधारली तर दुखणं दोन हातांच्या जोडकामात आहे, बोटांत नाही.

आणखी काही खुणा. मान टेबलावर पडते, एक हात डोक्याला टेकू देतो: पाठ-पोटाचे स्नायू थकतात. पेन्सिल चालते तेव्हा पूर्ण दंड हलतो: मनगट अजून स्थिर नाही. अंगठा पेन्सिलीभोवती गुंडाळलेला आणि नखं पांढरी: सांधे सैल असतील, म्हणून मूल आवळून धरतं. बोटं ठीक चालतात पण आकार उलटासुलटा येतो: हात निर्दोष असेल, डोळ्यांनी टिपलेलं हाताकडे पोचत नसेल. यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. "रोज अजून एक पान लिहून घ्या" हा त्यातल्या एकाचाही नाही.

वयाचा अंदाज म्हणून एवढं ध्यानात असू द्या: बघून गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं, अधिकचं चिन्ह चौथ्याच्या आसपास, चौकोन त्यानंतर काही महिन्यांनी, त्रिकोण पाचव्याच्या सुमारास. ही वयं थोडी मागेपुढे होतात. पण ज्याला अधिकचं चिन्हच जमत नाही, त्याच्यापुढे 'क' ठेवून काय उपयोग?

जाता जाता: मुलांच्या मनगटाच्या एक्स-रेचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतात, "हाडं तयार नाहीत, सात वर्षांपर्यंत लिहायला देऊ नका" अशा मजकुरासह. मनगटातली आठ हाडं जन्मावेळी कूर्चेच्या रूपात असतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू घट्ट होतात हे खरं. त्यावरून लिहिण्याचं वय ठरत नाही. सगळ्याच मुलांची हाडं त्या वयात तशीच असतात आणि त्यांतली बरीचशी मजेत चित्रं काढत असतात.

पायरी २: डोळे आणि बैठक

डोळे तपासून घ्या. चष्मा लागलेला असून कळलेला नसतो आणि खापर बोटांवर फुटतं.

बैठकीचं म्हणाल तर पाय लोंबकळत असतील तर हात स्थिर राहत नाही. खुर्चीवर बसत असेल तर पायांखाली पाट किंवा जुन्या वह्यांचा बांधलेला गठ्ठा. टेबल कोपराच्या उंचीला किंवा किंचित वर. जमिनीवर बसायची सवय असेल तर बैठं डेस्क चांगलं. चटईवर पोटावर पडून काम करणं त्याहून चांगलं, कारण त्यात खांदे आपोआप तयार होतात. लिहायचा पृष्ठभाग थोडा तिरका हवा. जाडजूड बॉक्स फाइल आडवी ठेवली की काम होतं. मनगट मागे वळलेलं राहतं आणि बोटं मोकळी होतात.

डावखुऱ्या मुलाचा कागद उजवीकडे कललेला ठेवा, पेन्सिल टोकापासून जरा वर धरू द्या, आणि कुणीही त्याचा हात बदलायचा नाही. आजीलाही हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

पायरी ३: शब्द थांबवू नका

ही पायरी लोक गाळतात. हात तयार होईपर्यंत लेखन बंद, असा समज होतो, आणि सुटी अक्षरं नेमकी याच मुलांपर्यंत पोचत नाहीत.

जाड पुठ्ठ्याची किंवा लाकडी, पाच-सहा सेंटीमीटर उंचीची अक्षरं घ्या. बारीक चकत्या असलेले विकतचे संच या मुलांना उचलताच येत नाहीत. चिमूट धरता येत नसेल तर मागे चुंबक चिकटवा आणि लोखंडी कपाटाच्या दारावर शब्द लावू द्या. उभ्या दारावर काम केल्याने खांद्यालाही व्यायाम होतो. एका वेळी सहा-आठच अक्षरं समोर ठेवा. पूर्ण वर्णमालेची पेटी उघडली की शोधण्यातच दम निघतो.

सुरुवात बिनामात्रेच्या शब्दांनी: नळ, घर, मगर, बदक. मग काना: काका, मामा, चाक. वेलांटीपाशी आपल्या लिपीची एक गंमत आहे. 'किती' म्हणताना मुलाला आधी 'क' ऐकू येतो, मग 'इ'. ते इमानाने 'क' ठेवतं आणि पहिली वेलांटी त्याच्या उजवीकडे लावतं. ही चूक म्हणून पुसू नका. कानाने काम चोख केलंय. "ऐकलंस बरोबर. ही वेलांटी मात्र अलीकडे उभी राहते," एवढं सांगून तुम्हीच सरकवा. म्हणून दीर्घ वेलांटीचे शब्द आधी घेतलेले बरे: पाणी, काकी, चावी. तिथे ऐकण्याचा आणि मांडण्याचा क्रम एकच राहतो.

मुलाने शब्द रचला की फोटो काढा, छापून वहीत चिकटवा, खाली तारीख घाला. ते त्याचं त्या दिवसाचं लेखन. ज्याला अक्षर ठेवताही येत नाही त्याने बोट दाखवावं आणि मोठ्यांनी ठेवावं. तरी शब्द त्याचाच. पहिलीत जाईपर्यंत छोटी वाक्यं रचणारं मूल, अक्षर वाकडं असलं तरी, अभ्यासात मागे पडलेलं नसतं. "तुला लिहिता येत नाही" हे ऐकून ऐकून ज्याने शब्दांचाच नाद सोडला, त्याला परत आणणं फार कठीण.

पायरी ४: हात घडवा, पेन्सिलीशिवाय

ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून भोवती मिळणाऱ्या वस्तूंतून बालवाडी उभी केली. घरच्या घरी करणाऱ्यांनी तोच रस्ता धरावा. साधनांच्या संचावर हजारो रुपये घालायची गरज नाही.

आधी खांदा आणि मनगट. ओल्या ब्रशने गच्चीच्या भिंतीवर मोठमोठे गोल. पंचा पिळणं. कणीक तिंबणं. छोट्या लाटण्याने वेडीवाकडी पोळी. झाडांना पाणी घालायला अर्धी भरलेली झारी.

मग बोटं. मटार सोलणं, शेंगा फोडणं, लसूण सोलणं (नखांनी, सुरीने नाही), तांदूळ निवडणं, देवपूजेसाठी पाकळ्या सोडवणं. गणपतीत मोदकाची पारी चेमटवून कळ्या काढू द्या. कळ्या पडल्या नाहीत तरी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकत्र काम करतात, आणि पेन्सिलीला तेच लागतं. रांगोळीही तशीच. चिमटीत घेतलेली पूड सोडताना तीन बोटं किंचित सैल करायची, पुन्हा आवळायची, आणि हात पुढे सरकवत राहायचा. जोर कमी-जास्त करायला शिकवणारं इतकं स्वस्त साधन दुसरं नाही. पहिले दिवस ढीग पडतील. पडू देत. ठिपके जमायला लागले की समजा, बोटांना जोराचा अंदाज आला.

कपड्यांचे चिमटे सगळेच सुचवतात, पण नवे प्लॅस्टिकचे चिमटे भलतेच घट्ट असतात. मूल दोन्ही हातांनी दाबतं आणि व्यायाम फुकट जातो. वापरून सैल झालेले जुने घ्या.

शाळेतल्या साधनांतही फेरफार करायला ताईंनी कचरू नये. बटणांच्या चौकटीला मोठी, चपटी बटणं आणि जाडसर कापड लावा. ओतण्याचं काम आधी राजमा, मग तांदूळ, पाणी सर्वांत शेवटी. भांड्याला कान असलेलं बरं. दट्ट्यांच्या पेटीत दट्ट्याची लहानशी मूठ तीन बोटांनी धरणं हा अर्धा पाठ आहे. मूल पूर्ण पंजाने उचलत असेल तर टोकू नका, शेजारी बसून सावकाश, न बोलता, तीन बोटांनी स्वतः करून दाखवा. दहाऐवजी पाचच दट्टे बाहेर काढले तरी चालेल.

रोज दहा मिनिटं पुरे. कंटाळण्याआधी थांबायचं, हा नियम.

पायरी ५: अक्षर, आधी मोठं आणि कागदाविना

खरखरीत अक्षरावर तर्जनी आणि मधलं बोट फिरवत आवाज म्हणायचा, ही मूळ रीत. काही मुलांना तो खरखरीतपणाच सहन होत नाही, हात झटकतात. त्यांच्यासाठी मखमलीच्या कापडाची अक्षरं कापा किंवा ताटात रवा पसरून त्यात काढू द्या. आपल्याकडची धुळाक्षरं हीच. पुसलं की चूक गेली, म्हणून भीतीही नसते.

मग पाटी. गुळगुळीत कागदापेक्षा दगडी पाटी पेन्सिलीला अडवते आणि ती अडवणूक बोटांना कळते. पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा बोटाच्या एका पेराएवढा असू द्या. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, बोटांची टोकं आपोआप पुढे येतात. खडू आणि तेलखडूंचेही तुकडेच द्या.

अक्षरांचा क्रम मुळाक्षरांचा ठेवू नका. 'अ' हे कमकुवत हातासाठी भयंकर अक्षर आहे. उभी रेघ, अर्धगोल, गोल, मग गाठी आणि तिरप्या रेघा, असं जा: ट, ठ, प आधी, ग, म, न नंतर, व, ब, क त्यानंतर, ळ, झ, ह, क्ष, ज्ञ सगळ्यात शेवटी. मुलाच्या नावातलं एखादं अक्षर मधेच आलं तर येऊ द्या, त्याला त्याचं कौतुक असतं.

शिरोरेघ सुरुवातीला तुम्हीच द्या. कागदावर जाड स्केचपेनने ओढून ठेवा आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं मुलाला तिच्याखाली टांगू द्या. वर जागा निश्चित असली की अक्षर तरंगत नाही. स्वतःची शिरोरेघ नंतर येते.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांवर ओझं दुहेरी: चाररेघी वहीत इंग्रजी, दुरेघीत मराठी, शिवाय सीनियर केजीत कर्सिव्ह. एक लिपी हातात बसेपर्यंत दुसरी फक्त वाचायची आणि सुट्या अक्षरांनी मांडायची, असा करार शाळेशी करता येतो. दोन्ही एकदम गिरवण्यात दोन्ही बिघडतात.

पायरी ६: पेन्सिल

बुटकी, त्रिकोणी, जाड. शिसं मऊ, म्हणजे दाब कमी असलेल्या मुलाचीही रेघ ठळक उमटते. दाबून लिहिणाऱ्याला उलटा खेळ द्या: कागदाखाली दुमडलेला रुमाल ठेवायचा आणि कागदाला भोक न पाडता रेघ काढायची.

पकड 'बरोबर' करण्याचा अट्टहास नको. तीन बोटांची पकड पुस्तकात छान दिसते, पण चार बोटांनी धरणारी किंवा अंगठा बाजूने टेकवणारी मुलंही पुढे तितकंच चांगलं लिहितात. हात दुखत नसेल आणि बोटं हलत असतील तर सोडून द्या. बाजारातल्या रबरी ग्रिप शेवटी आणून बघा, पहिल्या दिवशी नको.

पायरी ७: शाळेशी बोलणं

तक्रारीच्या सुरात गेलात तर ताई बचावात जातात. वर्गात तीस मुलं असतात त्यांच्या. नेमकं काय हवं ते लिहून द्या. हा नमुना:

"ताई, नमस्कार. ईशानला अक्षरं ओळखता येतात, शब्दही रचता येतात, पण बोटं लवकर थकतात. पुढचे तीन महिने त्याच्याकडून पानाऐवजी एकच ओळ घ्याल का? फळ्यावरून उतरवण्याऐवजी त्याच्याजवळ कार्ड ठेवता येईल का? घरी सुट्या अक्षरांनी केलेल्या कामाचे फोटो मी दर शनिवारी वहीत लावून पाठवेन. अपुरं राहिलेलं काम कृपया घरी पूर्ण करायला पाठवू नका. साच्यांच्या खाली घालायला रबरी चटई सोबत देते आहे."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मागण्यांबरोबर एक वस्तू हातात ठेवली की बोलणं सोपं होतं. शाळेने गृहपाठाचा मुद्दा काढला तर २०२०च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं म्हटलेलं आहे, हे नम्रपणे सांगा. वहीत लाल पेनने "अक्षर सुधारा" असा शेरा येत असेल, तर तो थांबवण्याची विनंतीही करा. काय सुधारायचं ते त्यातून कळत नाही.

पायरी ८: तज्ज्ञाकडे कधी

काही गोष्टींत वाट बघायची नाही. आधी जमणारं काम जमेनासं झालं, एक हात सतत मुठीत राहतो किंवा वापरातच नाही, हाताला कंप आहे, मूल वारंवार पडतं: थेट बालरोगतज्ज्ञ. बाकी मुलांच्या बाबतीत, वरचं सगळं तीन-चार महिने नेमाने करूनही फरक दिसत नसेल किंवा जेवण, कपडे, खेळ सगळीकडेच हात अडत असतील तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं हातांना जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. हालचालींच्या समन्वयाची कायमस्वरूपी अडचण शाळकरी वयातल्या शंभरात पाच-सहा मुलांना असते. तिचं निदान बहुधा पाच वर्षांच्या आधी करत नाहीत, पण मदत सुरू करायला निदानाची गरज नसते.

खासगी थेरपी परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा रस्ता आहे. २०१३च्या फेब्रुवारीत हा कार्यक्रम पालघरलाच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतात. सेविकेला आधी सांगून ठेवा, म्हणजे तुमच्या मुलाकडे नीट बघितलं जाईल. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर 'डीईआयसी' नावाची केंद्रं आहेत, मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारी. ऑक्युपेशनल थेरपिस्ट कोणत्या वारी असतात ते विचारूनच जा, फेरी वाचते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आहे. लेखनदोषाचं प्रमाणपत्र मात्र साधारणपणे आठव्या वर्षाच्या सुमारास, तिसरीच्या आसपास मिळतं. केजीतल्या मुलासाठी त्याच्यामागे धावू नका. आत्ता एक जाडशी फाइल उघडा: सुट्या अक्षरांचे फोटो, दर महिन्याला काढून घेतलेलं एक चित्र आणि मुलाच्या नावाची एक ओळ, शाळेला लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या प्रती, थेरपिस्टची टिपणं. पहिलीच्या नव्या शिक्षिकेला जूनच्या पहिल्या आठवड्यात ती फाइल दाखवा, वर्गात पहिली वही भरायला लागायच्या आत.